माझ्या वाट्याची मोडकी जिलेबी

मी फुगडी खेळताना पडले अन् हात मोडून घेतला. हे आधीच सांगून टाकते. ज्याला हसायचं हाय त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मंग निवांत पुढं वाचावं. दवाखान्यात जो तो विचारायचा, "काय वंदनाबाई, मोटारसायकलवरून पडल्या का?" मी "फुगडी" म्हणलं की समोरचा तोंडाला रुमाल लावायचा. एका वॉर्डबॉयनं तर दुसऱ्याला बोलावून आणलं, निव्वळ माझ्या तोंडून ऐकायला.

पण माझ्यासारख्या बाया गावोगाव हायत. अंगानं भरलेल्या, दिसायला धडधाकट, अन् आतून हाडं भुसभुशीत. त्यांना कुणी सांगत न्हाई. मलाबी हात मोडल्यावरच कळलं. म्हणून हा लिहिण्याचा उद्योग.

आमचं हाटेल

आमी गोरेगावचे. मुंबईचं न्हवं, हिंगोलीकडलं. जिथं सेनगावच्या न् हिंगोलीच्या जीपा लागतात तिथंच आमचं हाटेल. हाटेल म्हणजे पंखे न् गाद्यांचं न्हवं. पत्र्याचं शेड, भट्टी, मोठी कढई, चहा, भजे, अन् बाजाराच्या दिवशी जिलेबी. भट्टीवर आमचे मालक, दत्तराव. मी पीठ भिजवणार, गल्ल्यावर बसणार अन् गिऱ्हाइकाशी भांडणार. भांडायचं काम मला बराबर जमतं.

आमच्याकडं सासऱ्यापासूनची एक रीत हाय. घाणा काढला की पहिली जिलेबी अग्नीला, दुसरी घरच्या बाईला. तिनं चव घेऊन मान हलवली की मंगच माल कागदावर ठेवायचा. अन् मोडकी जिलेबी गिऱ्हाइकाला द्यायची न्हाई, कितीबी गर्दी असू द्या. ती माझ्या वाट्याची. भज्यांचा चुराबी माझाच. सकाळी चहा-खारी, मंग जिलेबी, दुपारी भजे-पाव, संध्याकाळी कढईच्या कडंला जे उरलं असंल ते. बाजाराच्या दिवशीचं उरलेलं पुढं दोन दिवस पुरायचं. टाकून कसं द्यायचं? अन्न हाय ते.

भाकरीची आठवणच व्हायची न्हाई. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या घरी चूल पेटवायच्या अन् भाकर, उडदाचं वरण, तिळाची चटणी करून खायच्या. आमी दोघं त्यांना हसायचो. म्हणायचो, घरात हाटेल असून म्हातारीचं नशीब कोरडं ते कोरडंच.

गावात माझ्या तब्येतीचं लई कौतुक. "वंदनावहिनीचं हाड मजबूत हाय बरं का!" असं चारजण तरी म्हणायचे. अंग भरलं म्हणजे हाडबी भरलं, असा सगळ्यांचा समज, अन् माझाबी. आत्याबाई वाळल्या काडीसारख्या. त्यांच्याकडं बघून मलाच काळजी वाटायची, की म्हातारी एक दिवस पडंल अन् आपल्याला उचलावं लागंल.

पंचमी

नागपंचमीला आमच्यात कुणी तळत न्हाई, तवा ठेवत न्हाई, विळीला हात लावत न्हाई. वर्षातून तेवढा एक दिवस आमची कढई थंड. घरात उकडलेले कानोले, अन् अंगणात बायांचा फेर न् फुगड्या.

माझी नणंद सुनंदा, तिकडं वसमत तालुक्यात हट्ट्याला दिलेली. दर पंचमीला मालक तिचे मुराळी होऊन जाणार. मुराळी म्हणजे सासरी नांदणाऱ्या बहिणीला सणासाठी माहेरी घेऊन येणारा भाऊ. ती आली की तिची न् माझी फुगडी ठरलेली. मी लग्न होऊन आले तवा ती परकर-पोलक्यात होती. या घरात मला पहिल्यांदा पोट धरून हसवलं ते तिनं. लोकांच्यात नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचं बघून बाया जळायच्या.

त्या पंचमीला फुगडी अशी रंगली की बाया खेळायचं सोडून टाळ्या देऊन राहिल्या होत्या. दोघींच्या हाताला घाम. हात सुटले. मी फतकल मारून बसल्यासारखी पडले अन् उजवा हात मागं टेकला. कट् असा आवाज झाला, तो मलाच ऐकू आला.

पडण्याचं कौतुक न्हवतं. त्याच अंगणात शेजारची एक म्हातारी माझ्या आधी दोनदा आपटली होती. उठून, पदर खोचून पुन्हा खेळत होती. माझं मनगट मात्र उलथण्यावानी वाकडं झालेलं.

मालक धावत आले. हात बघितला अन् सगळ्या बायांदेखत बहिणीवर खेकसले, "हात काहून सोडला? धरता येत न्हाई तर खेळतीस कशाला? लेकरू हायस का तू?"

सुनंदाचं तोंड पांढरं पडलं. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, तिचं काही चुकलं न्हाई. पण कळ अशी होती की दातखीळच बसली. मला जीपमध्ये घातलं. मागं बघितलं तर ती तुळशीपाशी उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. त्याच संध्याकाळी तिनं पिशवी उचलली अन् कानोला तोंडात न घालता सासरी निघून गेली.

दवाखान्यातलं दुकान

हिंगोलीच्या दवाखान्यात माझ्या मनगटात तारा घातल्या. ऑपरेशनची भीती वाटली का? तर लई वाटली. टेबलावर मी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलून राहिले होते, तर नर्सबाई म्हणल्या, "मावशी, जरा मोठ्यानं बोला, त्याला ऐकू जायला पाहिजे ना!" मला हसू आलं, अन् हसता हसताच माझं भान गेलं. त्या पोरीचं भलं होवो.

वॉर्डात सकाळ लवकर व्हायची. आधी झाडू, मंग सुई, मंग चहा. अन् दिवसभर भेटायला येणारे. आजाऱ्याकडं हात हलवत जायचं न्हाई, ही आपली रीत. मंग काय, कुणी पेढे, कुणी बिस्किटाचे पुडे, कुणी थंड्याची बाटली. मालक डब्यात रोज ताजी जिलेबी आणायचे, न मोडलेली, निवडून. म्हणायचे, "खा, ताकद येईल." माझ्या खाटेजवळचं कपाट भरून सांडायला लागलं.

डॉक्टरीणबाई अंगानं बारीक, पण जिभेला धार. राउंडला आल्या, कपाट बघितलं.

"हे दुकान कुणाचं?"

"पेशंटचं," नर्सबाई म्हणल्या.

"चांगलं चालतंय." मंग माझ्याकडं वळल्या. "मावशी, एवढ्याशा पडण्यानं इतकं मोडायला नको होतं. एक्स-रेमध्ये हाड मला फिकं वाटतंय. नांदेडला हाडांची तपासणी करून या."

केली. त्या मशीनखाली नुसतं पडून राहायचं असतं, दुखत न्हाई, हे सांगून ठेवते. दुखलं ते रिपोर्ट आल्यावर. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून एकेक विचारलं. गर्भाची पिशवी काढली का? काढली, पस्तिशीतच, आमच्याकडं निम्म्या बायांची काढलेलीच असती. उन्हात असता का? कुठलं, शेडखाली. मंग म्हणल्या, "आता खाण्याचं सांगा. खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. मालकांना वाटलं बायको घरची अब्रू घालवून राहिली, म्हणून मधीच छाती काढून म्हणले, "मॅडम, दुधाला कमी न्हाई बरं. पाण्याचा थेंब घालत न्हाई मी. दिवसभर निव्वळ दुधाचा चहा जातो हिच्या पोटात."

"अन् साखर?"

"साखरंला तर आमी कधीच हात आखडत न्हाई," मालक म्हणले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. रागावल्या न्हाईत. नीट समजावून सांगितलं. "एकटी जिलेबी हाड मोडत नाही, दत्तराव. पिशवी लवकर निघाली, ऊन नाही, हीपण कारणं आहेत. पण वर्षानुवर्षं पोट साखरेनं अन् तेलानं भरलं, तर हाडाला जे लागतं ते खायला भूकच उरत नाही. वजन वाढतं, हाड वाढत नाही. यांची शुगरसुद्धा काठावर आली आहे. हाडं ठिसूळ झालीत. यापुढं पडणं परवडणार नाही."

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी रडले. पन्नाशी यायच्या आधीच म्हातारी झाले की काय? उद्या शिंकले तर बरगडी मोडायची का? अन् फुगडी तर गेलीच. मालक नळावर तोंड धुवून आले, डोळे लाल. म्हणले, "माझ्याच हाताची जिलेबी खाऊन तुझं असं झालं गं."

"मंग काय शेजाऱ्याच्या हाताची खायला पाहिजे होती?" मी म्हणलं.

आधी ते हसले, मंग मी. शेजारी बसलेल्या लोकांना वाटलं असंल, यांचा रिपोर्ट चांगला आलेला दिसतो.

आत्याबाईंचं राज्य

घरी आले अन् घराची सूत्रं आत्याबाईंनी ताब्यात घेतली. ज्या म्हातारीला हसलो तिच्याच चुलीपुढं आमी दोघं ताट घेऊन बसलो. सकाळी भाकर न् वाटीभर दही, दुपारी उडदाचं वरण, शेपूची भाजी, तिळाची नाहीतर कारळाची चटणी, वर तांब्याभर ताक. वर डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या. सकाळचं ऊन ओट्यावर यायचं तवा मला तिथं वाळवणासारखं घालायच्या. येणारे-जाणारे विचारायचे, "वहिनी, पापड झाले का?"

साखर सुटायला सोपी नसती. मी लई चिडकी झाले. डोकं दुखायचं, चार वाजले की जीव जिलेबीत. एकदा बिनसाखरेचा चहा मी मालकांपुढं आदळला. त्यांनी ती कपबशी उचलली, स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं अन् म्हणले, "तुझं बराबर हाय." दुसऱ्या दिवसापासून तेबी तसलाच चहा प्यायला लागले. हळूहळू जीभ वळली. आता गिऱ्हाइकाचा चहा चाखून बघितला तर पाक प्यायल्यासारखं वाटतं.

धंदा बंद केला का, असं बऱ्याच बाया विचारतात. न्हाई केला. लोक आठवड्याच्या बाजाराला येतात, पावशेर घेतात, लेकराबाळांत वाटून खातात. खावी की, सणासारखी. आमी रोज खात होतो, जेवणाच्या जाग्यावर खात होतो, तिथं चुकलं.

एक हात प्लास्टरमध्ये, तवा माझी वेणी मालक घालायचे. भट्टीवर जिलेबी पाडणारा हात, वेणी अशी गोल गोल फिरवायचे की मी आरशात बघून ओरडायचे, "अहो, पाकात टाकू नका आता!" निऱ्या मात्र त्यांना शेवटपर्यंत जमल्या न्हाईत. प्लास्टर निघालं तर मनगट असं ताठ, की मूठ वळंना. पीठ मळा, फडकं पिळा, चेंडू दाबा, हाच व्यायाम. ज्या दिवशी मी स्वतः भाकर थापली तो दिवस लग्नाच्या दिवसापेक्षा चांगला गेला. भाकर गोल न्हवती, एका बाजूनं फाटली होती. आत्याबाईंनी ती दुसऱ्या कुणाला दिली न्हाई, स्वतः खाल्ली.

एवढं सगळं सुखाचं चालू होतं, पण घरात एक जागा रिकामी होती. राखी आली न्हाई. भाऊबीजेला ताट तयार करून ठेवलं, सुनंदा आली न्हाई. आत्याबाईंनी पोराशी बोलणं टाकलं. तो समोर बसलेला अन् या मला सांगायच्या, "त्याला म्हणावं, भाकर वाढलीया." डॉक्टरीणबाईंचं बोलणं मालकांनी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. बहिणीची चूक न्हवती हे त्यांना पक्कं कळलं होतं. मी म्हणायचे, "मंग सांगा की तिला."

"मी थोरला. थोरल्यानं धाकटीचे पाय धरायचे का?"

"पाय कोण म्हणलं? फोन धरा."

एकदा धरला. तिनं उचलला न्हाई. माझा उचलायची, पण बोलणं तुटक. एक दिवस रडत म्हणली, "वहिनी, तुमचा हात धरायची मला आता भीती वाटती. मी गोरेगावला येणार न्हाई. दादा आला तरी येणार न्हाई." मोडलेला हात जुळून आला होता, पण त्या दिवशी मला हात मोडला तवापेक्षा जास्त दुखलं. मला माझी नणंद परत पाहिजे होती.

मुराळी

वर्ष फिरलं, पंचमी जवळ आली. तपासणीला गेले तर डॉक्टरीणबाई म्हणल्या, हाडांचा आकडा आणखी खाली गेला न्हाई, उलट जरासा वर आलाय. हेसुद्धा कमावलेलंच समजा. मी भीत भीत फुगडीचं विचारलं. "जोराची फिरकी आता नाही," त्या म्हणल्या. "हळू गिरक्या घ्या, फेर धरा. पडायचं नाही, एवढंच." मला तेवढ्यानंबी आभाळ ठेंगणं झालं.

घरी येऊन मालकांना म्हणलं, "सुनंदाला आणायला कवा जाता?"

"मी गेलो अन् तिनं दारातून परत लावला तर?"

"मंग बसा भट्टीपाशी. मी जाते मुराळी होऊन."

"बाईमाणूस मुराळी? कुणी ऐकलंय का कधी? लोक हसतील."

चुलीपुढून आत्याबाई थेट त्यांच्याकडं बघून बोलल्या, कितीतरी महिन्यांनी. "जाऊ दे तिला. तुझ्यापेक्षा तिचं हाड घट्ट हाय." मी लगेच पिशवी भरायला घेतली.

बाजाराचा दिवस होता. सकाळच्या पहिल्या जीपनं हिंगोली, तिथून बसनं औंढा, तिथून पुढं हट्टा. पिशवी मुद्दाम उजव्या हातात धरली. सुनंदाच्या सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"या, या. मुराळी कुठं हाय?"

"मीच हाय," मी म्हणलं.

त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आतून सुनंदा आली. मला बघून आधी तिचं तोंड फुललं, मंग पडलं. हात लगेच पदराखाली गेले. वर्षभर ते तसेच होते की काय कुणास ठाऊक.

"वहिनी, काहून आल्या एवढ्या लांब?"

"तुला न्यायला. हात काढ बाहेर."

"नको."

मी जवळ गेले अन् माझं मनगट तिच्या हातात दिलं. तिनं असं धरलं, जशी काही ओली पणती. "दाब," मी म्हणलं. "अगं दाब. भाकर थापून राहिले मी या हातानं."

"माझ्यामुळं मोडला वहिनी."

"येडी हायस तू. हात घामानं सुटला, तुझाबी अन् माझाबी. हाड तर आधीच गेलं होतं, वर्षानुवर्षं जिलेबीवर दिवस काढून. त्या दिवशी न्हाई तर पाण्याची कळशी उचलताना मोडलं असतं, अन् कदाचित कंबर मोडली असती. तुझ्यासंगं पडले म्हणून लवकर कळलं. तुझ्यामुळं मी आज उभी हाय सुनंदे."

ती अशी रडली की तिच्या सासूबाईबी पदर डोळ्याला लावून बसल्या. मला रडणं जास्त वेळ सोसत न्हाई. मी तिचे दोन्ही हात तिढा घालून धरले, पाय जुळवले अन् तिथल्या तिथं गाणं रचून म्हणलं,

"ताकात मोडली भाकर, चटणी गं कारळी,
नणंदेला न्यायाला भावजय मुराळी!"

अन् गिरकी घेतली. हळू, जात्याच्या पाळीसारखी, डॉक्टरीणबाईंचा मान ठेवून. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावायला लागल्या. सुनंदा रडता रडता हसायला लागली अन् तिची पकड घट्ट झाली. मला दम लागला तवा तिनंच थांबवलं, हात न सोडता मला ओट्यापाशी नेलं अन् बसवलं.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणली, "येते वहिनी. पण दादा मला सगळ्यांदेखत बोलला होता. त्यानं सगळ्यांदेखतच ते परत घ्यावं. न्हाई घेतलं तर मी त्याच जीपनं माघारी फिरंल."

"बराबर हाय," मी म्हणलं. पण आमच्या मालकांचा ताठा मला ठाऊक. वाटभर मी नागनाथाला तेवढंच मागून राहिले होते.

गोरेगावात उतरलो तवा बाजार भर रंगात. हाटेलापुढं पाय ठेवायला जागा न्हवती. मालकांच्या हातात जिलेबी पाडायचं फडकं, कढईत घाणा. त्यांनी आमाला बघितलं. फडकं बाजूला ठेवलं, हात धोतराला पुसले अन् बाहेर आले. बहिणीपुढं उभं राहून, खाली बघून, पुटपुटले, "सुनंदे, चुकलं माझं."

सुनंदा जाग्यावरून हालली न्हाई. "काय म्हणला दादा? ऐकू न्हाई आलं."

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गिऱ्हाइकांकडं. मंग असे ओरडले की पलीकडच्या भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. "माझं चुकलं! हिनं हात सोडला न्हवता! मी उगंच बोललो माझ्या बहिणीला!"

सगळा बाजार आमच्याकडं बघून राहिला. सुनंदा पुढं झाली अन् भावाच्या छातीवर डोकं ठेवून हमसून रडली. मालक तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक म्हणलं, "दत्तराव, घाणा जळून राहिला, जिलेबी द्या की अर्धा किलो!"

मालकांनी मागं जाऊन कढई खाली उतरवली, भट्टीत पाणी ओतलं अन् डोळे पुसत म्हणले, "आज जिलेबी बंद. माझी बहीण आलीया."